दोघांचं घर, शहरातला फ्लॅट आणि आणीबाणीची तयारी: सुरुवात कुठून करावी?

टिपकागद

नमस्कार मंडळी.

२८ एप्रिल २०२५ला दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली होती, आठवत असेल. मेट्रो बोगद्यात थांबली, माणसं लिफ्टमध्ये अडकली, कार्डाची यंत्रं बंद पडली. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरत गेल्या तसे फोनही मुके झाले. बऱ्याच ठिकाणी वीज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत आली, पण तेवढ्या वेळात लोक सेलवर चालणारे रेडिओ शोधत दुकानं पालथी घालत होते. त्याबद्दल वाचल्यापासून आमच्या घरात एकच विषय आहे: हे इथे झालं तर आपण काय करू?

आम्ही दोघंच आहोत. फ्लॅट छोटा, मजला वरचा, ऑफिसं शहराच्या दोन टोकांना. नेटवरच्या याद्या बघितल्या तर तंबू, कुऱ्हाड, पन्नास-साठ वस्तू. एवढं आणायचं कशाला आणि ठेवायचं कुठे? नवरा म्हणतो आधी नीट यादी करू. मला वाटतं यादीतच अडकून पडू. ज्यांनी खरंच काही केलंय त्यांनी सांगा, पहिलं पाऊल कुठलं?

काजवा

पाणी. बाकीचं सगळं नंतर.

माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरतात. त्यातलं निम्मं पिण्याला, उरलेलं रांधायला आणि हातपाय धुण्यापुरतं. दोघांचे तीन दिवसांचे २४ लिटर, म्हणजे वजन २४ किलो. पलंगाखाली सहज मावतं. फक्त २० लिटरचा एकच कॅन घेऊ नका. भरलेला उचलून ओतणं जड जातं, आणि गळला तर सगळंच पाणी गेलं. पाच-पाच लिटरचे घ्या. प्लास्टिक खाण्यापिण्याचं असावं. दुधाच्या आणि फळांच्या रसाच्या बाटल्या टाळा, कितीही धुतल्या तरी आत अंश राहतो आणि त्यावर जंतू वाढतात. उन्हापासून आणि फिनेल-पेट्रोलपासून लांब ठेवा. घरी भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदला, जुनं फरशी पुसायला वापरा.

साठा संपला आणि नळाच्या पाण्याचा भरवसा नसेल तर उकळा. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, आणि २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. गॅस नसेल तर बिनवासाचं साधं ब्लीच (५ ते ९ टक्क्यांचं) लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी कापडातून गाळून घ्या आणि थेंब दुप्पट करा. मात्र पाण्यात इंधन किंवा रसायन मिसळलं असेल तर उकळूनही उपयोग नाही, ब्लीचनेही नाही. म्हणून साठा हवाच.

चौथामजला

टाकीवाला गीझर असेल तर तोही पाण्याचा साठाच आहे. वीज किंवा गॅस बंद करायचा, थंड होऊ द्यायचा, आत येणाऱ्या पाण्याची चावी बंद करायची आणि खालच्या तोटीतून काढायचं. ती तोटी कुठे आहे ते आजच बघून ठेवा, अंधारात सापडत नाही.

रातराणी

हे जरा जास्तच होत नाहीये का? मोठ्या शहरात राहतो आपण. काही झालं तर यंत्रणा आहेत की. घराघरात पाण्याचे कॅन रचून ठेवायला लागलो तर माणसं नुसती धास्तावतील.

उंबरठा

रातराणी, उलटं आहे असं मला मनापासून वाटतं. स्वीडनने २०१८मध्ये संकटकाळाची पुस्तिका घरोघरी पोचवली आणि २०२४मध्ये ती नव्याने काढली. युरोपीय संघाने मार्च २०२५मध्ये नागरिकांना सांगितलं की निदान ७२ तास स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी तयारी ठेवा. चांगल्या चालणाऱ्या यंत्रणा असलेले हे देश. तरी ते असं का सांगतात? कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत रुग्णवाहिका आणि बचावपथकं ज्यांना दुसरा काहीच आधार नाही त्यांच्याकडे आधी जायला हवीत. तुम्ही-मी धडधाकट, हातीपायी नीट. आपण पाण्याच्या रांगेत उभे राहिलो नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळते.

निळीशाई

+१ उंबरठा. आणि तयारी केली की धास्ती कमी होते, हा स्वतःचा अनुभव.

अवांतर: नेटवरच्या त्या यादीत कुऱ्हाड आहे, चाळीस डबाबंद पदार्थ आहेत आणि डबा उघडायचं ओपनर नाही. कुऱ्हाड बहुधा त्यासाठीच असावी.

पायवाट

टिपकागद, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: ऑफिसं शहराच्या दोन टोकांना. जोडप्याची आणीबाणी तिथूनच सुरू होते. दोघं घरी असताना काही झालं तर निम्मं काम सोपं. खरा प्रश्न आहे आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी, फोन लागत नसताना.

आमच्या घरात हे ठरलेलं आहे. भेटायची पहिली जागा घर. घरात जाता येत नसेल तर जवळची एक मोकळी जागा, ठरलेल्या फाटकापाशी. तो भागच बंद असेल तर दोघांना माहीत असलेलं तिसरं ठिकाण. जागा सोडायची वेळ आली तर चिठ्ठी ठेवल्याशिवाय निघायचं नाही. शिवाय लांबच्या गावातली एक व्यक्ती ठरवलेली आहे, दोघांनी आपली खबर तिला द्यायची. संकटग्रस्त शहरातल्या शहरात फोन लागत नाही तेव्हाही बाहेरगावी कधीकधी लागतो.

फोन करत बसू नका, साधा एसेमेस पाठवा. त्याला नेटवर्कची जागा फार थोडी लागते, आणि लगेच गेला नाही तरी वाट मोकळी झाल्यावर पुढे जातो. जपानमध्ये तर १७१ हा खास क्रमांक आहे, मोठ्या आपत्तीत त्यावर निरोप ठेवायचा आणि घरच्यांनी तो ऐकायचा.

या सगळ्याला खर्च शून्य. एक संध्याकाळ पुरते. पाण्याच्याही आधी मी हे करेन.

काजवा

पायवाट, पाण्याच्या आधी? माणूस पाण्याशिवाय राहू शकत नाही.

पायवाट

मान्य. पण शहरात पहिल्या सहा तासांत तहानेने कुणी दगावत नाही. जोडीदाराला शोधायला भलत्या दिशेने निघालेली माणसं मात्र त्याच सहा तासांत अडचणीत येतात.

घरकुल

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. पायवाट यांची पहिली जागा 'घर' आहे. पण लगेच घराकडे निघणं दरवेळी बरोबर नसतं.

११ मार्च २०११च्या भूकंपात टोकियो फार कोसळलं नव्हतं, पण गाड्या थांबल्या आणि त्या महानगरात ५० लाखांवर माणसं त्या दिवशी घरी पोचू शकली नाहीत. रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरून गेले, रुग्णवाहिकांना वाट मिळेना. त्यानंतर टोकियोने नियमच केला, तो एप्रिल २०१३पासून लागू झाला: कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना एकदम घरी धाडू नये, आतच थांबवावं आणि त्यांच्यापुरतं तीन दिवसांचं पाणी, खाणं, पांघरूण ठेवावं.

म्हणून दोघांनी हेही ठरवून ठेवा की इमारत धड असेल आणि बाहेर गोंधळ असेल तर जिथे आहोत तिथेच थांबायचं. 'ती ऑफिसात थांबली असेल' हे त्याला ठाऊक असणं फार मोलाचं आहे. दोघंही घाबरून एकमेकांच्या ऑफिसकडे निघाले तर वाटेत चुकामूक ठरलेली.

पूर असेल तर पायी निघूच नका. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी वाहून जाऊ शकते. आणि खालची उघडी गटारं दिसत नाहीत.

पायवाट

घरकुल, हे पटलं. आमच्या कागदावर 'थांबायचं केव्हा' हे नव्हतं, आज लिहितो. भर म्हणून एवढंच: ऑफिसच्या खणात चालायचे बूट, एक बाटली, छोटा टॉर्च आणि दोन दिवसांची औषधं ठेवा. थांबलात तरी लागतील आणि चाललात तरी.

टिपकागद

वाचतेय, सगळं नवऱ्यालाही वाचून दाखवतेय. घरकुल, चुकामुकीचं अगदी खरं. मी विचारलं तर तो म्हणाला, "मी सरळ तुझ्या ऑफिसला आलो असतो." आणि मी त्याच्याकडे गेले असते!

खाण्याचं काय करायचं? सैनिकांसारखी पाकिटं आणायची का?

निळीशाई

नाही. रोज जे खाता तेच थोडं जास्त. जपानी लोक याला फिरता साठा म्हणतात. नेहमीच्या सामानात टिकणारे जिन्नस थोडे जादा आणायचे, मागचे आधी संपवायचे, नवे मागे लावायचे. वेगळी पेटी भरून माळ्यावर टाकली की तिची तारीख उलटून जाते आणि कुणाला पत्ता नसतो. त्यातलं निम्मं तरी न शिजवता खाता येणारं असू द्या, कारण गॅसही जाऊ शकतो. आणि ओपनर!

वीज गेली की फ्रीज उगाच उघडू नका. बंद ठेवला तर आतलं साधारण ४ तास टिकतं. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर सुमारे ४८ तास, अर्धा असेल तर २४. आधी फ्रीजमधलं खा, मग फ्रीझरमधलं, कोरडं शेवटी.

सांजवारा

उजेडाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मेणबत्त्या नकोत. अंधार, घाई आणि उघडी ज्योत हे तिन्ही एका छोट्या फ्लॅटमध्ये एकत्र आणू नका. दोघांना दोन डोक्याला लावायचे टॉर्च घ्या, हात मोकळे राहतात. बाटलीत पाणी भरून टॉर्चवर ठेवली तर उजेड खोलीभर पसरतो. रेडिओ सेलवर चालणारा. त्याचे सेल काढून शेजारी ठेवा, आत पडून राहिले की पाझरतात आणि संपर्काच्या पट्ट्या गंजतात. पॉवरबँक तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरा, नुसती पडूनही उतरते.

आणि याहून महत्त्वाचं: घरात कोळशाची शेगडी पेटवून ऊब घेणं, बाल्कनीत जनरेटर लावणं, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसणं, यातलं काहीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१च्या थंडीत वीज गेली तेव्हा माणसं अशीच गेली. खिडकी किलकिली ठेवली म्हणजे झालं, असं नसतं.

रातराणी

मी वर विरोध केला होता. आता एक खरा प्रश्न विचारते. माझे पती इन्सुलिन घेतात. दोन दिवस फ्रीज बंद राहिला तर?

औषधपेटी

रातराणी, घाबरू नका. बहुतेक प्रकारांत वापरात असलेलं इन्सुलिन खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या आत, सुमारे २८ दिवस चालतं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवतात, पण फ्रीज बंद पडला म्हणून ते त्या क्षणी वाया जात नाही. बाहेर काढल्याची तारीख लिहा आणि ते दिवस धरून वापरा. प्रत्येक प्रकाराची मुदत वेगळी असते, तेव्हा पाकिटातला कागद वाचा आणि डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. फार उकाडा असेल तर ओलावून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, त्यांना वीज लागत नाही. बर्फाला मात्र थेट टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

सुया, तपासणीच्या पट्ट्या, मीटरचे सेल आणि साखर उतरली तर पटकन देता येईल असं काही गोड, हे सगळं एकाच डब्यात ठेवा. औषधं निदान आठवडाभर पुरतील एवढी कायम जादा असावीत. चिठ्ठीची एक प्रत कागदावर हवी, फोनमधला फोटो फोन बंद पडला की गेला.

धाग्यावर सगळ्यांसाठी: भाजलं तर २० मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नाही, मलम नाही. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाने जखमेवरच जोरात दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. प्रथमोपचाराचा वर्ग दोघांनीही करा. एकालाच येत असेल आणि नेमकं त्यालाच लागलं तर?

रातराणी

मनापासून धन्यवाद. डबा आजच भरते.

चौथामजला

एक नकोसा वाटणारा विषय. संडास.

वीज गेली की पंप बंद, पंप बंद की फ्लश बंद. आणि भूकंपानंतर पाणी असलं तरी लगेच ओतू नका. उभी नळी मध्येच तुटली असेल तर तुमचं सगळं खालच्या मजल्यावरच्या घरात उतरेल. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात मैलावाहिन्या ठिकठिकाणी फुटल्या आणि लोकांना फार काळ पर्यायी सोय करावी लागली. त्या देशात सांगितली जाणारी सोय सोपी आहे: झाकणाच्या दोन बादल्या, एक लघवीला, एक शौचाला. दुसरीत जाड पिशवी, आणि प्रत्येक वेळी वरून भुसा किंवा बारीक फाडलेला कागद. दोन्ही वेगळं ठेवलं की घाण वास बराच कमी होतो. बादल्या एरवी एकात एक बसतात, त्यातच हातमोजे, पिशव्या आणि साबण ठेवा. जागा अजिबात लागत नाही.

निळीशाई

चौथामजला, बाकी सगळ्या याद्यांत हे एका ओळीत उरकतात. वाचनखूण साठवली.

उंबरठा

मंडळी, भूकंप-पूर चाललंय, पण घरातल्या आगीचं कुणी काढलं नाही. दोघांच्या घरात सगळ्यात आधी येऊ शकणारी आणीबाणी तीच, आणि तिथे ७२ तास नसतात, दोन-चार मिनिटं असतात.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, भडका छतापर्यंत जातो. कढई उचलून मोरीकडेही धावायचं नाही. गॅस बंद, वरून घट्ट झाकण, आणि थंड होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. अग्निशामक नळकांडं ओट्याजवळ लावू नका, आग ओट्यावरच लागली तर हात पोचणार नाही. दाराच्या वाटेवर लावा. पिन ओढा, तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. ते काही सेकंदांतच रिकामं होतं, म्हणून पाठीशी दार मोकळं असेल तरच थांबायचं, नाहीतर बाहेर. निघताना खोलीचं दार ओढून घ्या, आग आणि धूर दोन्ही अडतात. लिफ्ट नाही, जिना. धूर असेल तर खाली वाकून.

गॅसचा वास आला तर दिवा लावायचाही नाही आणि बंदही करायचा नाही, ठिणगी दोन्हीत पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा, फोन बाहेरून करा.

काजवा

उंबरठा, शंभर टक्के. धुराचा अलार्म पाण्याच्याही आधी. हे मी म्हणतोय, नोंद घ्या. :)

घरकुल

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: जिन्यावरची माणसं.

१७ जानेवारी १९९५ला कोबेत भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. कुठल्या खोलीत कोण झोपतं हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत ७००हून अधिक माणसं गेली. त्यांत एकटे राहणारे म्हातारे फार होते, चौकशीला कुणीच न आलेले.

शहरातलं कमावतं जोडपं सकाळी निघतं, रात्री येतं. मजल्यावर कोण राहतं हे आमच्या इमारतीतल्या कित्येकांना माहीत नव्हतं. मग आम्ही जिन्यावर भेटणाऱ्यांशी बोलायला लागलो. वरच्या मजल्यावर एक आजी एकट्याच असतात, त्यांना ऑक्सिजनचं यंत्र लागतं. वीज जाणं म्हणजे त्यांच्यासाठी काय हे तेव्हा कळलं. आता वीज गेली की कोण त्यांच्याकडे जायचं हे ठरलेलं आहे, आणि आजींनी आमची जादा किल्ली ठेवून घेतली आहे. आम्ही दोघंही ऑफिसात असताना नळ फुटला होता तेव्हा त्यांनीच दार उघडून दिलं.

सांजवारा

घरकुल, फार आवडलं. आम्ही नव्याने राहायला आलोय, या रविवारी मजल्यावरची दारं वाजवणार.

टिपकागद

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री दोघं बसलो. भेटायच्या दोन जागा ठरल्या, तिसरीवर वाद चालू आहे. 'थांबायचं केव्हा' यावर एकमत झालं. निरोपासाठी नणंदेला विचारलं, ती तयार आहे. पाण्याचे कॅन आणि धुराचा अलार्म या शनिवारी. बादल्यांचं मी सांगितलं तेव्हा नवरा आधी गप्प झाला, मग म्हणाला, "भुसा कुठे मिळतो बघतो."

घर सोडून निघावं लागलं तर उचलायची पाठीवरची पिशवी सध्या घेत नाही. आमच्या बाबतीत घरातच राहावं लागण्याची शक्यता जास्त वाटते. यात काही चुकतंय का?

पायवाट

पूर्ण पिशवी नंतर केली तरी चालेल, पण कागदपत्रांचं पाकीट आत्ताच करा. आगीत किंवा गॅसगळतीत पाच मिनिटांत निघावं लागतं. ओळखपत्रं, विमा, घराचे कागद यांच्या प्रती, औषधांची चिठ्ठी आणि थोडी सुटी रोकड, सगळं पाणी न शिरणाऱ्या पाकिटात. नोटा छोट्या ठेवा, वीज नसताना दुकानदाराकडेही सुटे नसतात. पाकीट दाराजवळ, चष्मा आणि चपला पलंगापाशी. नणंदेचा नंबर दोघांना तोंडपाठ हवा, आणि खिशातल्या पाकिटात लिहिलेलाही.

चौथामजला

तो नंबर पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओली झाली की पसरते.